यकृतातले एक दुर्लक्षित प्रथिन आणि ते नसण्याचा फायदा

पोटाच्या सोनोग्राफीच्या अहवालात 'फॅटी लिव्हर, ग्रेड १' ही ओळ बडोद्याच्या मराठी घरांना आता नवी राहिलेली नाही. पित्ताशयातल्या खड्यासाठी किंवा नेहमीच्या वार्षिक तपासणीसाठी सोनोग्राफी करावी आणि अहवालात अचानक यकृताविषयी ही ओळ दिसावी, असे वारंवार घडते. रावपुऱ्यापासून मांजलपुरापर्यंत कोठेही विचारले तरी त्यावरची पहिली प्रतिक्रिया बहुधा एकच असते, 'पण आमच्या घरात तर दारूचा थेंबही नसतो.' ती अगदी प्रामाणिक असते. गुजरात राज्यात स्थापनेपासून, म्हणजे १९६० पासून, दारूबंदी आहे आणि यकृताचा आजार म्हणजे दारूचा आजार हे समीकरण आपल्या मनात घट्ट बसलेले आहे. प्रत्यक्षात मधुमेह, पोटाभोवतीचा लठ्ठपणा, रक्तातली वाढलेली चरबी आणि बैठे जीवन यांच्या संगतीने येणारा हा आजार दारूवाचूनही होतो. म्हणूनच २०२३ मध्ये यकृततज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी त्याचे नाव बदलून ते चयापचयाच्या बिघाडाशी जोडले.

या आजारावर औषध शोधणाऱ्यांचे लक्ष गेल्या काही वर्षांत एका अप्रसिद्ध प्रथिनाकडे वळले आहे. त्याचे नाव एचएसडी१७बी१३. चौथ्या गुणसूत्रावरच्या एका जनुकातून तयार होणारे, ३०० अमिनो आम्लांच्या साखळीचे हे प्रथिन मुख्यतः यकृताच्या पेशींतच आढळते. ते ज्या एन्झाइमांच्या घराण्यातले आहे, त्यातली काही भावंडे स्त्री आणि पुरुष संप्रेरकांच्या रूपांतराचे काम करतात आणि त्यांचा अभ्यास अनेक दशके झालेला आहे. आपले हे तेरावे भावंड मात्र केवळ रचनेतल्या साम्यामुळे त्या घराण्यात नोंदवले गेले. ते शरीरात नेमके काय करते, याचा शोध फार थोड्यांनी घेतला होता.

अशी दुर्लक्षित प्रथिने थोडीथोडकी नाहीत. माणसाच्या शरीरात प्रथिने तयार करणारी सुमारे २०,००० जनुके आहेत, पण संशोधनाचा झोत त्यांतल्या मोजक्यांवरच पडलेला असतो. 'नेचर' या नियतकालिकात २०११ मध्ये मांडलेल्या एका परीक्षणानुसार, प्रथिनांवरचे तीन चतुर्थांशांहून अधिक संशोधन हे मानवी जनुकसंचाचा आराखडा हाती येण्यापूर्वीच माहीत असलेल्या दहा टक्के प्रथिनांभोवती फिरत होते. यामागे कोणाचा आळस नाही. ज्या प्रथिनासाठी तपासणीची प्रतिपिंडे, चाचण्या आणि प्रयोगाचे प्राणी आधीच उपलब्ध आहेत, त्यावर काम लवकर होते, त्यातून शोधनिबंध निघतात, अनुदान मिळते, आणि पुढचा विद्यार्थीही त्याच विषयाकडे वळतो. अनोळखी प्रथिनावर काम करायचे तर आधी ही सारी साधने स्वतः घडवावी लागतात आणि त्यात वर्षे जातात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१४ मध्ये औषधांचे लक्ष्य ठरू शकणाऱ्या अशा अप्रकाशित प्रथिनांसाठी स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला, तो याच कारणाने. मला हा प्रयत्न फार मोलाचा वाटतो, कारण औषध ज्याला जाऊन चिकटणार ते लक्ष्यच ठाऊक नसेल तर उत्तम रसायनशास्त्रज्ञही हात बांधून बसतो.

एचएसडी१७बी१३चे महत्त्व कळण्यासाठी आजार कसा पुढे सरकतो, हे आधी पाहिले पाहिजे. यकृताच्या पाच टक्क्यांहून अधिक पेशींत चरबी साठली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. यकृताचा बारीक तुकडा काढून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर गुलाबी पेशींच्या आत पांढरी, रिकामी, गोल भोके दिसतात. ही चरबीचीच जागा असते. तपासणीची काचपट्टी तयार करताना वापरलेल्या द्रावकांत चरबी विरघळून गेलेली असते आणि मागे फक्त तिचा आकार उरतो. आजार एवढ्यावरच थांबला तर बहुतेकांचे यकृत वर्षानुवर्षे काम करत राहते. काहींच्या बाबतीत मात्र त्या काचेवर आणखी दोन गोष्टी दिसू लागतात. पहिली म्हणजे फुगून गोल झालेल्या, फिकट पडलेल्या पेशी आणि त्यांच्याभोवती गोळा झालेल्या दाहाच्या पेशी. दुसरी म्हणजे विशिष्ट रंगद्रव्याने निळे दिसणारे कोलॅजेनचे धागे, जे आरंभी पेशींच्या फटींतून कोळिष्टकासारखे पसरतात आणि पुढे जाड पट्टे होऊन यकृताचे तुकडे पाडतात. या धाग्यांना फायब्रोसिस म्हणतात आणि त्यांनी सारे यकृत गाठाळ करून टाकले की तो सिरॉसिस होतो. रुग्णाचे आयुष्य किती धोक्यात आहे, हे चरबीच्या प्रमाणापेक्षा फायब्रोसिसवर कितीतरी अधिक अवलंबून असते. पुढचे सगळे विवेचन या एका गोष्टीवर उभे आहे.

पेशीतली चरबी सुटी पसरलेली नसते, ती थेंबांच्या रूपात असते. सेव उसळीच्या तर्रीवर तेलाचे थेंब जसे आपापली गोलाई धरून असतात तसेच हे थेंब असतात, फरक एवढाच की प्रत्येक थेंबावर फॉस्फोलिपिडांचे एक पातळ आवरण असते आणि त्या आवरणावर अनेक प्रथिने बसलेली असतात. ही प्रथिने थेंब मोठा करायचा की मोडायचा, त्यातली चरबी कोठे पाठवायची, हे ठरवतात. जपानी संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले की एचएसडी१७बी१३ यकृतातल्या याच थेंबांच्या पृष्ठभागावर बसते. पुढे २०१४ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी फॅटी लिव्हर असलेल्या माणसांच्या आणि निरोगी माणसांच्या यकृतातले चरबीचे थेंब वेगळे काढून त्यांच्यावरच्या प्रथिनांची तुलना केली, तेव्हा आजारी यकृतात हे प्रथिन वाढलेले आढळले. तेवढ्यावरून ते आजाराचे कारण आहे की परिणाम, हे सांगता येत नव्हते. आजारी यकृतात चरबीचे थेंबच वाढलेले असतात, मग त्यांच्यावर बसणारे प्रथिनही वाढणारच.

ही कोंडी २०१८ मध्ये फुटली, आणि तीही प्रयोगशाळेतल्या प्राण्यांमुळे नव्हे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातली गायसिंजर ही आरोग्यसेवा संस्था आणि रिजेनेरॉन ही औषध कंपनी यांनी मिळून, स्वेच्छेने सहभागी झालेल्या रुग्णांचे जनुकीय वाचन त्यांच्या वैद्यकीय नोंदींशी जोडण्याचा मोठा उपक्रम चालवला होता. त्यातल्या ४६,५४४ जणांच्या डीएनएमधला प्रथिने घडवणारा भाग वाचून, रक्तातल्या यकृताच्या एन्झाइमांशी त्याचा ताळा पाहण्यात आला. आपल्या प्रयोगशाळांच्या अहवालांत जी एसजीपीटी आणि एसजीओटी म्हणून छापली जातात, तीच ही एन्झाइमे. यकृताच्या पेशींना इजा झाली की ती रक्तात वाढतात. या शोधात असे दिसले की एचएसडी१७बी१३च्या जनुकात एक अक्षर जास्तीचे असलेल्या लोकांमध्ये ही दोन्ही एन्झाइमे कमी असतात.

ते एक अक्षर म्हणजे डीएनएच्या चार अक्षरांपैकी 'ए'. जनुकातून प्रथिन बनताना आधी आरएनएची एक लांब प्रत तयार होते, तिच्यातले अनावश्यक तुकडे कापून उरलेले तुकडे सांधले जातात आणि मग त्या सांधलेल्या संदेशावरून प्रथिन घडते. हे जास्तीचे 'ए' जनुकाच्या सहाव्या तुकड्याच्या टोकाशी, नेमके सांध्याच्या जागी घुसलेले आहे. त्यामुळे सांधा चुकतो, संदेशाचे वाचन भलत्याच अक्षरापासून पुढे जाते आणि प्रथिन अर्धवट तुटलेले, न टिकणारे असे तयार होते. ज्यांच्याकडे आईवडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रती अशा आहेत, त्यांच्या यकृतात काम करणारे एचएसडी१७बी१३ जवळजवळ नसतेच.

हे प्रथिन नसणाऱ्यांना काय झाले, हे त्या अभ्यासातले सर्वांत महत्त्वाचे उत्तर आहे. एक प्रत असलेल्यांमध्ये दारूमुळे होणाऱ्या यकृताच्या आजाराची शक्यता ४२ टक्क्यांनी आणि दोन प्रती असलेल्यांमध्ये ५३ टक्क्यांनी कमी आढळली. दारूशी संबंध नसलेल्या आजारात ही घट अनुक्रमे १७ आणि ३० टक्के होती. दारूवाचून होणाऱ्या सिरॉसिसमध्ये ती २६ आणि ४९ टक्के, तर दारूमुळे होणाऱ्या सिरॉसिसमध्ये ४२ आणि ७३ टक्के होती. शेवटचा आकडा डोळे दिपवणारा आहे, पण तो जपून वाचला पाहिजे, कारण दोन प्रती असलेले आणि सिरॉसिस झालेले लोक थोडे असल्याने त्याची संख्याशास्त्रीय मर्यादा १५ पासून ९१ टक्क्यांपर्यंत पसरलेली होती. मात्र सगळ्या आकड्यांची दिशा एकच होती आणि दोन प्रती असणाऱ्यांना एक प्रत असणाऱ्यांपेक्षा अधिक संरक्षण मिळत होते. मात्रेनुसार वाढत जाणारा परिणाम हा कार्यकारणाचा चांगला पुरावा मानला जातो.

यातली आणखी एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. हे जास्तीचे अक्षर असलेल्या लोकांच्या यकृतात चरबी कमी नव्हती. साध्या फॅटी लिव्हरचे प्रमाण त्यांच्यातही सारखेच होते, पण चरबीपासून दाहाकडे आणि दाहापासून फायब्रोसिसकडे होणारा प्रवास त्यांच्यात कमी होता. म्हणजे हे प्रथिन चरबी साठवण्याच्या पायरीवर नव्हे, तर साठलेली चरबी घातक ठरण्याच्या पायरीवर काम करत असले पाहिजे. ज्या पायरीवर रुग्णाचे भवितव्य ठरते, नेमक्या त्याच पायरीवर निसर्गाने हा अडसर घातलेला दिसतो. फॅटी लिव्हरच्या बाबतीत आनुवंशिक धोका वाढवणारे सर्वांत ठळक जनुक म्हणजे पीएनपीएलए३, जे अमेरिकेतल्या डलास शहरात झालेल्या अभ्यासातून २००८ मध्ये पुढे आले. त्या जनुकाचे धोकादायक रूप ज्यांच्याकडे होते, त्यांच्यातही एचएसडी१७बी१३चे हे अक्षर असल्यास यकृताची इजा सौम्य आढळली.

एखादे प्रथिन जन्मतः नसलेली माणसे निरोगी आहेत, हे कळणे औषध बनवणाऱ्यांसाठी किती मोठी गोष्ट आहे, याचा एक दाखला हृदयरोगात आधीच मिळालेला आहे. पीसीएसके९ हे प्रथिन २००३ मध्ये प्रकाशात आले तेव्हा तेही असेच अनोळखी होते. पुढे डलासमध्येच असे लोक सापडले ज्यांच्यात या प्रथिनाच्या जनुकाची एक प्रत जन्मतः निकामी होती. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा कृष्णवर्णीय अमेरिकनांचे घातक कोलेस्टेरॉल २८ टक्क्यांनी आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराचे प्रमाण ८८ टक्क्यांनी कमी आढळले. त्या प्रथिनाला अडवणारी पहिली दोन औषधे २०१५ मध्ये बाजारात आली. शोधापासून औषधापर्यंत १२ वर्षे हा या क्षेत्रात फार कमी काळ आहे, आणि तो शक्य झाला कारण प्रथिन अडवल्यास काय होईल याचे उत्तर माणसांनीच आधी दिलेले होते.

उंदरांवर विसंबून राहिले असते तर एचएसडी१७बी१३चे प्रकरण बहुधा तेथेच मिटले असते. हे प्रथिन जास्त प्रमाणात तयार करायला लावलेल्या उंदरांच्या यकृतात चरबी वाढली, हे खरे. परंतु जनुक पूर्णपणे काढून टाकलेल्या उंदरांना संरक्षण मिळण्याऐवजी त्यांच्या यकृतात चरबी आणि दाह वाढल्याचे २०१८ मध्ये एका गटाने दाखवले, तर दुसऱ्या गटाला तशा उंदरांत चरबीयुक्त आहार देऊनही काहीच फायदा दिसला नाही. उंदीर आणि माणूस यांच्या यकृताची ठेवण सारखी असली, तरी चरबी आणि अ जीवनसत्त्व हाताळण्याच्या पद्धती अनेक बाबतींत वेगळ्या आहेत. माणसातला जनुकीय पुरावा आणि उंदरातला प्रयोग यांच्यात विरोध दिसला, तर माझ्या मते माणसाच्या बाजूने कौल द्यावा. उंदीर सांगतो ते खोटे नसते, पण औषध घेणारा रुग्ण माणूस असतो.

मग हे प्रथिन करते तरी काय? परीक्षानळीत ते अनेक पदार्थांवर काम करते. स्त्रीसंप्रेरक एस्ट्राडायॉल, दाहाशी संबंधित एक मेदाम्लजन्य रेणू आणि अ जीवनसत्त्वाचे रूप असलेले रेटिनॉल, या सर्वांमधून ते हायड्रोजन काढून घेते आणि तो एनएडी या सहायक रेणूच्या हवाली करते. अ जीवनसत्त्वाचा धागा विशेष लक्षवेधी आहे, कारण शरीरातल्या या जीवनसत्त्वाचा सर्वांत मोठा साठा यकृतातल्या स्टेलेट पेशींत असतो आणि इजा झाल्यावर याच पेशी तो साठा गमावून फायब्रोसिसचे धागे विणू लागतात. एचएसडी१७बी१३ रेटिनॉलवर काम करते आणि त्याची निकामी रूपे ते काम गमावतात, हे २०१९ मध्ये दाखवले गेले. २०२३ मध्ये मात्र एका वेगळ्याच दिशेने पुरावा आला. हे प्रथिन कमी केल्यावर यकृतात पिरिमिडीन, म्हणजे डीएनए-आरएनएच्या अक्षरांपैकी काही अक्षरांचा कच्चा माल, मोडण्याचे प्रमाण घटते आणि त्यातून फायब्रोसिसपासून संरक्षण मिळते, असे त्या अभ्यासाचे म्हणणे होते. यांपैकी कोणते काम माणसाच्या यकृतात निर्णायक आहे, याचा निकाल अजून लागलेला नाही. औषध बनवण्याच्या दृष्टीने ही उणीव गंभीर आहे. कोणते काम थांबवायचे हे नक्की नसेल, तर औषधाने ते पुरेसे थांबवले की नाही हे मोजण्याची चाचणी तरी कशी ठरवायची?

तरीही काम थांबलेले नाही आणि ते दोन वाटांनी चालू आहे. पहिली वाट बडोद्याला ओळखीची आहे. १९०७ मध्ये याच शहरात प्रा. त्रिभुवनदास गज्जर, प्रा. कोटीभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांनी अलेम्बिकची उभारणी केली. तेव्हापासून रसायन घडवायचे, शुद्ध करायचे आणि गोळीत भरायचे हे कसब येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे. औषधी उद्योगात नोकरी केलेले कोणीतरी नात्यात नाही, असे बडोद्यातले मराठी घर विरळाच. अशा गोळीत बसणाऱ्या लहान रेणूने एचएसडी१७बी१३च्या खाचेत जाऊन बसायचे आणि त्याचे काम बंद पाडायचे, ही ती पहिली वाट. त्यात अडचण अशी की या घराण्यातली भावंडे एकमेकांसारखी दिसतात. एचएसडी१७बी११ हे सर्वांत जवळचे भावंड तर चरबीच्या थेंबांवरच बसते. एनएडीची खाच या सर्वांमध्ये जवळपास सारखी असल्यामुळे, तेराव्याला अडवणारा रेणू इतरांनाही अडवणार नाही, याची खात्री पुन्हा पुन्हा करून घ्यावी लागते. काही कंपन्यांनी असे निवडक रेणू तयार केले आहेत. प्रथिनाची त्रिमितीय रचना २०२३ मध्ये प्रसिद्ध झाल्यापासून, रेणू नेमका कोठे बसतो हे डोळ्यांनी पाहून त्यात सुधारणा करणेही शक्य झाले आहे.

दुसरी वाट प्रथिनाला हात न लावता त्याचा संदेशच नष्ट करण्याची आहे. पेशीत सुमारे २१ अक्षरांचा दुपदरी आरएनए सोडला, तर पेशीची स्वतःची यंत्रणा त्यातला एक पदर घेऊन त्याच्याशी जुळणारा संदेश शोधते आणि कापून टाकते. या यंत्रणेच्या शोधाला २००६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अडचण होती ती हा आरएनए योग्य पेशीपर्यंत पोहोचवण्याची, आणि यकृतापुरती ती फार चांगली सुटली आहे. या आरएनएला विशिष्ट शर्करेचे तीन रेणू जोडले की यकृताच्या पेशी आपल्या पृष्ठभागावरच्या एका ग्राही प्रथिनाद्वारे (रिसेप्टर) ते ओळखून आत ओढून घेतात. त्वचेखाली घेतलेल्या एका इंजेक्शनचा परिणाम काही महिने टिकतो. एचएसडी१७बी१३ मुख्यतः यकृतातच असल्यामुळे त्याच्यासाठी ही पद्धत जणू बेतून केल्यासारखी आहे, आणि भावंडांशी गल्लत होण्याचा धोकाही येथे कमी, कारण प्रथिनांच्या खाचा सारख्या असल्या तरी संदेशांची अक्षरे वेगळी असतात. अमेरिकेतल्या ॲरोहेड कंपनीने असे औषध विकसित केले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये जीएसके कंपनीने त्याचे हक्क घेतले. पहिल्या टप्प्याच्या चाचणीत यकृताच्या तुकड्यांतून हा संदेश आणि प्रथिन दोन्ही मोठ्या प्रमाणावर घटल्याचे दिसले. त्यानंतर मोठ्या गटावर दुसऱ्या टप्प्याची चाचणी हाती घेण्यात आली. रिजेनेरॉन आणि ॲलनायलम यांनीही याच पद्धतीचे स्वतःचे औषध माणसांवरच्या चाचणीपर्यंत नेले.

प्रथिन घटवता येते, हे सिद्ध झाले. फायब्रोसिस घटतो का, हा प्रश्न त्याहून अवघड आहे. ज्यांच्याकडे जास्तीचे अक्षर जन्मापासून आहे, त्यांच्या यकृताला हे संरक्षण पहिल्या दिवसापासून, चरबी साठण्याच्या कितीतरी आधीपासून मिळालेले असते. औषध मिळणारा रुग्ण पन्नाशीचा असेल, त्याच्या यकृतात धागे आधीच विणले गेलेले असतील आणि प्रथिन फार तर दोनतीन वर्षे बंद ठेवलेले असेल. जन्मभराच्या अभावाने जे टाळले, ते उशिरा घेतलेल्या औषधाने परतवता येईलच, असे गृहीत धरता येत नाही. शिवाय फायब्रोसिस संथ चालतो आणि त्याची विश्वासार्ह मोजणी अजूनही यकृताचा तुकडा काढूनच होते. ज्याला काही त्रास जाणवत नाही अशा माणसाला वर्षभराच्या अंतराने दोनदा यकृतात सुई घालून घ्यायला राजी करणे सोपे नाही. या आजाराच्या औषधांच्या चाचण्या लांबतात आणि महाग होतात, त्याचे एक मोठे कारण हेच आहे.

या आजारावर आज काहीच औषध नाही, असे मात्र नाही. अहमदाबादच्या झायडस कंपनीच्या सारोग्लिटाझारला भारतात २०२० मध्ये, रेस्मेटिरॉमला अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये आणि सेमाग्लुटाइडला तेथेच ऑगस्ट २०२५ मध्ये परवानगी मिळाली. ही तिन्ही औषधे चरबी, साखर किंवा वजन यांच्या चयापचयाच्या बाजूने आजारावर काम करतात. एचएसडी१७बी१३ची वाट वेगळी आहे, आणि एका औषधाने भागत नसलेल्या रुग्णात दोन वेगळ्या वाटांची औषधे एकत्र देता येणे, हा तिचा खरा उपयोग ठरू शकतो.

आपल्या दृष्टीने एक प्रश्न राहतोच. हे जास्तीचे अक्षर जगात सगळीकडे सारखे पसरलेले नाही. युरोपीय वंशाच्या लोकांत जनुकाच्या साधारण दर चार प्रतींमागे एका प्रतीत ते आढळते, आफ्रिकी वंशाच्या लोकांत ते बरेच विरळ आहे, आणि ज्या अभ्यासाने हे सारे सुरू झाले त्यातले सहभागी बहुतांश युरोपीय वंशाचे होते. भारतीयांमध्ये फॅटी लिव्हर तुलनेने सडपातळ माणसांतही होतो, पोटाची चरबी कमी वजनावरच वाढते आणि मधुमेह लवकर येतो. अशा शरीरात हे अक्षर किती संरक्षण देते, हे भारतीयांच्याच नोंदींतून तपासले गेले पाहिजे. जीनोम इंडिया प्रकल्पातून सुमारे १०,००० भारतीयांचे संपूर्ण जनुकीय वाचन झाले असून जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती फरिदाबादच्या केंद्रातून संशोधकांना खुली करण्यात आली. तिच्यावरून हे अक्षर आपल्याकडे किती लोकांत आहे, ते कळू शकते. पण त्या माणसांच्या यकृताची अवस्था वर्षानुवर्षे नोंदवलेली असल्याशिवाय त्याचा आजाराशी संबंध जोडता येणार नाही. गायसिंजरचे यश जनुकीय वाचनाइतकेच तेथल्या नीट जपलेल्या वैद्यकीय नोंदींचेही होते. आपल्या रुग्णालयांत एका रुग्णाचे दहा वर्षांचे अहवाल एका जागी सापडणे दुर्मिळ आहे. सयाजीराव महाराजांच्या काळापासून दप्तरे जपण्याची सवय असलेल्या या शहरात तरी रुग्णांच्या संमतीने असे काम उभे राहावे, असे मला मनापासून वाटते.

हे वाचून कोणी स्वतःच्या एचएसडी१७बी१३ची तपासणी करायला निघाला, तर त्याला थांबवायला हवे. त्या अक्षराच्या असण्या-नसण्याने आजच्या उपचारात कोणताही बदल होत नाही. वजनात पाच टक्के घट झाली तर यकृतातली चरबी उतरते, सात ते दहा टक्के घट टिकवली तर दाह मागे हटतो, दहा टक्के किंवा त्याहून अधिक घट झाली तर अनेकांत फायब्रोसिसही मागे हटतो, आणि मधुमेह ताब्यात ठेवणे हे त्या जोडीला लागतेच. अहवालात ग्रेड १ लिहिले आहे की ग्रेड २, याची चिंता करण्यापेक्षा फायब्रोसिस आहे का, हे डॉक्टरांना विचारणे अधिक उपयोगाचे आहे, कारण सोनोग्राफीतली ग्रेड ही चरबीची असते, धाग्यांची नव्हे.

फायब्रोसिसचा पहिला अंदाज साध्या रक्ततपासणीवरून घेता येतो आणि त्यासाठी फिब-४ नावाचे एक सूत्र जगभर वापरले जाते. वय गुणिले एसजीओटी, हा झाला अंश. प्लेटलेटची संख्या गुणिले एसजीपीटीचे वर्गमूळ, हा झाला छेद. प्लेटलेटची संख्या हजारांत धरायची, म्हणजे अहवालात दोन लाख असेल तर २००. समजा, वय ५२ आहे, एसजीओटी ४८, एसजीपीटी ६४ आणि प्लेटलेट दोन लाख. ५२ गुणिले ४८ म्हणजे २,४९६. ६४ चे वर्गमूळ ८, त्याला २०० ने गुणले की १,६००. भागाकार येतो १.५६. १.३ च्या खाली उत्तर आले तर गंभीर फायब्रोसिसची शक्यता कमी मानतात, पासष्टी उलटलेल्यांसाठी ही सीमा २ धरतात, आणि २.६७ च्या वर उत्तर आले तर यकृततज्ज्ञांकडे जाणे आवश्यक ठरते. आपल्या उदाहरणातला १.५६ हा आकडा या दोन्हींच्या मधला आहे, म्हणून अशा व्यक्तीने डॉक्टरांच्या सल्ल्याने फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कठीणपणा सुईवाचून मोजणारी तपासणी, करून घ्यावी.